गुपित राखणाऱ्या बायका

नमस्कार मंडळी.

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याला तलवार आणि तख्त आठवतं. मी जी लिहिते आहे ती एका घरात घडते, बहुतेक रात्रीच्या वेळी, दार लावून.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर, विषारी औषध नाहीतर तान्ह्याचा गळा, एवढंच उरत असे. इथे तिनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८८४ च्या टिपणात जोतीराव लिहितात की तोवर सुमारे ३५ जणी येऊन गेल्या. मुलं जगली पाचच. बाकीची, गर्भ लपवायला आयांनी घेतलेल्या औषधांनी गेली.

पस्तीस. आकडा आहे, नावं नाहीत. आणि नसावीतच, कारण ती उरली असती तर त्या घराचं कामच फसलं असतं.

इथे मी अडले. कादंबरीतलं गुपित शेवटी फुटायचंच असतं. हे गुपित फोडणं मात्र मला त्या बायकांशी दगा वाटला. मग ते राखलं कसं जात असेल, तिकडे मी वळले. पाणी कुणी तापवलं? कळा सोसणारीच्या तोंडात पदराचा बोळा कुणी दिला? सकाळी शेजारणीनं विचारलं तेव्हा कोण काय बोललं? कागदपत्रांत यातलं काही नाही, ते मलाच रचावं लागलं. एकटीला असं गुपित पेलत नाही हो, त्याला चौघी लागतात.

या घरी आलेल्या एकीचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ, ससाणे मळ्यात त्यानं दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रोगी आणत. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवरून आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगनं गेल्या.

त्या मळ्यात मी एक म्हातारी आणली आहे, पस्तिसांपैकी एक. तिचं मूल जगतं तर डॉक्टरांएवढं असतं. ती रोग्यांसाठी पाणी भरते. सावित्रीबाई तिला ओळखतात, काही बोलत नाहीत, नुसता घागरीला हात लावतात. परवाच ते पान लिहून झालं.