पुडा राहू दे हितं, येताना न्या

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या दुपारविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे, ती दुपार माझ्या कोणत्याही बेतात नव्हती. पौष महिना होता. नृसिंहवाडीला, म्हणजे आपल्या नरसोबाच्या वाडीला, दत्तदर्शनासाठी मी एकटीच गेले होते. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचे धुके विरेपर्यंत माझे दर्शन आटोपले होते आणि परतीची गाडी जयसिंगपूरहून रात्री होती. मधला सारा दिवस मोकळा होता. घरच्यांसाठी कवठाची बर्फी घ्यायला मी एका दुकानात शिरले, तेव्हा पुडा बांधता बांधता दुकानदार मामांनी विचारले, "एवढ्या लांबनं वाडीला आलासा, कोपेश्वराला जाऊन आलासा का?" कोपेश्वर हे नावच मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. "मग खिद्रापूरला जावा की. पुडा राहू दे हितं, येताना न्या." तेथे काय आहे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आज वाटते, मी विचारले नाही हे फार बरे झाले.

कुरुंदवाडहून वडाप मिळाले. त्या भागात माणसे भरली की सुटणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, त्याला तुरे आले होते, आणि ऊस भरलेल्या गाड्या समोरून आल्या की आमची जीप कडेला थांबत होती. शेजारी बसलेल्या आजींनी मी कुठली, कोणाकडे चालले, एकटीच का, हे सारे आपुलकीने विचारून घेतले आणि उतरताना बोट दाखवून सांगितले, "सरळ जा बाई, देवळात पोचशील."

गाव लहानसे आहे. देवळाच्या आवारात पाऊल टाकले, तेव्हा समोर काळ्या दगडाचा एक बसका मंडप दिसला. शिखर उठून दिसावे असे काही नव्हते. पायऱ्या चढून मी आत गेले आणि काही पावलांवरच थबकले, कारण मंडपाच्या मध्यभागी एकदम लख्ख उजेड होता. वर पाहिले, तर छतच नव्हते, मोठे निळे आकाश होते. माझ्या मनात आलेला पहिला विचार मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगते. मला वाटले, एवढे देखणे देऊळ आणि त्याचे छप्पर पडले! क्षणभर हळहळ वाटली. मग नजर त्या भगदाडाच्या कडेवरून फिरू लागली, आणि कड कुठेही तुटलेली नव्हती. ती पूर्ण गोल होती, घडवलेली होती, आणि तिच्याखाली एकात एक बसवलेल्या दगडी वर्तुळांवर नक्षी होती. पायांखाली पाहिले, तर मी एका प्रचंड गोल शिळेवर उभी होते, आणि ती शिळा वरच्या आकाशाएवढीच होती. छप्पर पडलेले नव्हते. कोणीतरी फार विचारपूर्वक तेथे आकाश ठेवले होते.

हे उलगडण्यात माझी दोन-तीन मिनिटे गेली असतील, परंतु त्या मिनिटांइतका निखळ आनंद मला क्वचितच मिळाला आहे. त्या मंडपाला स्वर्गमंडप म्हणतात, त्याला ४८ खांब आहेत आणि वरचे वर्तुळ सुमारे १३ फूट व्यासाचे आहे, हे मी आधी वाचून गेले असते, तर मी आत शिरताच छताकडे पाहिले असते, वर्तुळ आहे याची खात्री करून घेतली असती आणि पुढे गेले असते. छप्पर पडले, ही चुकीची समजूत करून घेण्याची आणि स्वतःच्या डोळ्यांनी ती दुरुस्त करण्याची संधी मला मिळाली नसती. वृद्ध माणसे किंवा लहान मुले बरोबर असताना राहण्याजेवणाची चौकशी करूनच निघावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ठिकाणाचे चित्र मात्र मनात आधीच भरून नेऊ नये, असे मला त्या दिवसापासून मनापासून वाटते.

घाई नव्हती, म्हणून मी खांबांपाशी रेंगाळले. एकच खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याच्यावर गोल होत जातो, आणि गोल भागावर इतक्या बारीक कंगोऱ्यांच्या कडा आहेत की त्या दगडात कोरल्या आहेत यावर बोट फिरवल्याशिवाय विश्वास बसत नाही. वर्तुळाच्या आतल्या बाजूला कार्तिकेय आणि दिक्पाल आपापल्या वाहनांसह आहेत. बाहेर येऊन प्रदक्षिणा घालू लागले, तेव्हा भिंतीच्या तळाशी ओळीने हत्ती दिसले, जणू सारे देऊळ त्यांनीच पाठीवर तोलले आहे. कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत. एका हत्तीच्या पायाशी सावलीत एक शेळी निवांत बसली होती. शिवाचे देऊळ असून नंदी कुठेच दिसेना, तेव्हा तेथे झाडलोट करणाऱ्या बाईंना मी विचारले. दक्षाच्या यज्ञाला सती निघाली ती नंदीवर बसून, त्यामुळे नंदी येथे नाही, तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असे त्या म्हणाल्या. सती गेल्यावर महादेव कोपला म्हणून तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत घालणारे विष्णू धोपेश्वर होऊन गाभाऱ्यात त्याच्या शेजारीच लिंगरूपाने आहेत. पत्नीच्या दुःखाने कोपलेल्या देवाजवळ समजूत घालणाऱ्यालाही कायमची जागा द्यावी, ही कल्पना मला त्या कोरीवकामाइतकीच सुंदर वाटली.

परत स्वर्गमंडपात आले, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मला वाटत होते, उन्हाचे वर्तुळ आता बरोबर शिळेवर आले असेल. पण ते शिळा सोडून उत्तरेकडच्या खांबांच्या पायांशी पडले होते.

वाचन मी घरी आल्यावर केले. हे देऊळ शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात घडले. दक्षिण दाराजवळ देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण याचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. त्या दाराजवळ मी पाण्याची बाटली ठेवून बसले होते! त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र वर्तुळाच्या माथ्यावर येतो आणि चांदणे थेट शिळेवर उतरते, हेही कळले, आणि मला ते उत्तरेकडे सरकलेले ऊन आठवले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोरच्या बाजूला असल्यामुळे तो उत्तरेकडे, आपल्या डोक्यावर चढतो. कार्तिकातला चंद्र खिद्रापूरच्या अक्षांशावर जवळजवळ थेट माथ्यावर येतो. जे ऊन मला शिळेवर दिसले नव्हते, त्यानेच हे चांदणे मला समजावून दिले. प्रत्येक नव्या माहितीला बसायला माझ्यापाशी पाहिलेली एक जागा होती.

पुढच्या वर्षी मी ताईला घेऊन वाडीला गेले. दर्शन झाल्यावर तिला एवढेच म्हटले, "चल, जरा खिद्रापूरला जाऊन येऊ." काय आहे तिथे, असे तिने वडापमध्ये दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी उसाकडे बघत राहिले. मंडपाच्या पायऱ्यांवर मी मुद्दाम मागे थांबले. ती आत गेली, उजेडात आली, तिने मान वर केली आणि हळहळून म्हणाली, "अगं, छप्पर पडलंय गं याचं."

मी म्हटले, "कडा बघ."