गोठणगावच्या गोम्प्यातला पोरगा

नमस्कार मंडळी, जय भीम, राम राम. रेडिओचा आवाज जरा वाढवा, चुरण्याची मशीन चालू असेल तर पाच-दहा मिनिटं बंद ठेवता आली तर बघा, कारण आज जे सांगणार आहे ते कितीतरी वर्षांपासून माझ्या मनात घर करून आहे.

विषय आहे सरकार अन् बौद्ध धर्मपीठ. गुरू कोण, त्याच्या गादीवर बसणार कोण, हे सरकारनं ठरवायचं का धर्म मानणाऱ्यांनी? गोष्ट तिबेटची हाय, चीन सरकारची हाय, पण मला ती कळली आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गोठणगावचा तिबेटी कॅम्प तुम्हाला माहीतच हाय, १९७२ पासून ते लोक इथं हायेत, आपल्यासारखाच धान लावतात, अन् थंडी पडली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरात जातात. इटियाडोह धरणाकडे जाताना त्यांच्या रंगीत पताका दिसल्या नाहीत असा माणूस आपल्याकडं सापडणार नाही.

तं १९९८ साल. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, आपण भंडाऱ्यातच होतो. मी सातवीत. माझी आजी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या तिबेटी बाईच्या बांधीत रोवण्याला जायची, पंधराएक वर्षं झाली असतील, अन् दोघींची चांगली मैत्री होती, दोघींनाही एकमेकींची भाषा धड येत नव्हती तरी दिवसभर बोलत राहायच्या. त्या बाईनं त्यांच्या नवीन वर्षाला, लोसार म्हणतात त्याला, आजीला जेवायला बोलावलं. आजीनं पिशवीत दोन पायल्या तांदूळ घेतला, एचएमटी. रिकाम्या हातानं कोणाच्या घरी जायचं नाही हा तिचा नेम होता. अन् एचएमटीचं नाव निघालं म्हणून सांगतो, हे वाण शोधून काढलं ते नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी, एका साध्या शेतकऱ्यानं, देशभर लोकांनी तो तांदूळ खाल्ला, अन् आपल्या झाडीपट्टीतल्या पोरांना त्यांचं नाव पाठ नसेल तर ते मला अजिबात पटत नाही. असो.

जेवण झालं, तो मिठाचा चहा झाला, आजीनं पूर्ण वाटी पिली, मी दोन घोटांत ठेवून दिला. मग बाई आम्हाला गोम्प्यात घेऊन गेली. गोम्पा म्हणजे त्यांचा विहार. आत अंधार, डालड्याच्या दिव्यांचा वास, मोठी बुद्धमूर्ती. आजीनं पंचांग प्रणाम केला, बुद्धं सरणं गच्छामि म्हणलं, बाई बाजूला उभी राहून तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती, अन् मला तेव्हा वाटलं का दोघी एकच बोलून राहिल्या. दलाई लामांचा फोटो मी ओळखला. पण त्याच्या बाजूला दुसरी एक फ्रेम होती, तिला पांढरा रेशमी खाता, म्हणजे त्यांचं मानाचं उपरणं, घातलेला, अन् फोटोत एक पोरगा. बारीक केस, गाल लाल, थंडीनं फुटल्यासारखे, डोळे सरळ आपल्याकडं. माझ्यापेक्षाही लहान.

आजीनं विचारलं, "का व बाई, हा पोट्टा कोनाचा? तुह्या घरचा होय का?"

बाई म्हणे, "आमचा सगल्यांचा. पंचेन लामा."

"मंग आता कोठी हाय?"

"सरकार नेला. चीनचा सरकार. आई नेली, बाप नेला."

आजी म्हणाली, "काहून? का केलतं त्यानं?"

बाई म्हणे, "काय नाय केला. लामा हाय म्हनून."

आजी खालीच बसली. तिनं पदरानं त्या फ्रेमची काच पुसली, काचेवर दिव्याची काजळी होती, हळूहळू पुसली, पोराचं तोंड पुसावं तशी. मग तिथला एक दिवा तिनं स्वतःच्या हातानं लावला. येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही, अन् माझी आजी एसटीत गप्प बसणारी बाई नव्हती.

घरी आल्यावर माझ्या काकांनी हटकलं. काका समता सैनिक दलातले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. म्हणाले, माय, आपण पुनर्जन्म-अवतार मानत नाही, बाबासाहेबांनी हेच तर शिकवलं, मग तू लामाच्या अवताराला दिवा कसा लावला? आजी म्हणाली, "अवतार तं मी बी मानत नाई रे. पोट्टा मानतो. सा वर्साच्या पोट्ट्याले मायपासून... नाई, मायसंगच उचलून नेलं, मायले बी सोडलं नाई. त्याच्यासाठी दिवा लावला."

काका काही बोलले नाहीत. काकांचं तत्त्व बरोबर होतं, आजही मी ते मानतो. आजीचंही बरोबर होतं.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगतो, तारखा ध्यानात ठेवा. तिबेटात दलाई लामांच्या खालोखाल मान पंचेन लामांचा. दहाव्या पंचेन लामांनी १९६२ मध्ये तिबेटातली उपासमार अन् मठांची दुर्दशा लिहून चीन सरकारला लांबलचक निवेदन दिलं, अन् पुढं त्यांची कित्येक वर्षं कैदेत गेली. १९८९ च्या जानेवारीत ते वारले. मग त्यांच्या जागी, त्यांचा पुनर्जन्म म्हणून, १४ मे १९९५ ला दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या पोराचं नाव जाहीर केलं. अन् १७ मेला पोरगा घरच्यांसकट गायब. १४ ला नाव, १७ ला गायब. तीन दिवस. परत सांगतो, तीन दिवस, अन् पोरगा सहा वर्षांचा. शोध घेणाऱ्या मठाधिपतींनाही सोडलं नाही, चाड्रेल रिनपोचे त्यांचं नाव, त्यांना तुरुंगात टाकलं. अन् नोव्हेंबरात ल्हासाच्या जोखांग मंदिरात सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून सरकारनं आपल्या पसंतीचा दुसरा पोरगा गादीवर बसवला. तो कलश १७९३ मध्ये चीनच्या बादशहानं पाठवलेला. जे सरकार धर्म मानत नाही ते चिठ्ठ्या काढून लामा ठरवते!

हे सगळं कशासाठी? दलाई लामा गेल्यावर नवा दलाई लामा ओळखण्यात पंचेन लामांचा शब्द महत्त्वाचा असतो. पंचेन लामा हातात तं पुढचा दलाई लामाही हातात. २००७ च्या १ सप्टेंबरपासून तं चीननं नियमच लागू केला का कोणत्याही लामाच्या पुनर्जन्माला सरकारची मंजुरी पाहिजे. जन्माला मंजुरी, मंडळी! म्हणूनच २ जुलै २०२५ ला, नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, दलाई लामांनी सांगितलं का ही परंपरा पुढं चालेल अन् पुढचा कोण हे ठरवायचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टचा. चीननं त्याच दिवशी म्हणलं, आमच्या मंजुरीशिवाय नाही.

आपल्या देशाचंही बोलतो, लपवायचं काय त्यात. बोधगयेचं महाबोधी विहार १९४९ च्या कायद्यानं चालते, समितीत चार बौद्ध, चार हिंदू, अन् अध्यक्ष जिल्हाधिकारी. ज्या झाडाखाली भगवान बुद्धांना ज्ञान झालं तिथला कारभार बौद्धांच्या हाती पूर्ण नाही. आपल्या दीक्षाभूमीच्या भन्ते सुरई ससाईंनी याच्यासाठी आंदोलन उभं केलं, २०२५ मध्ये भिक्खू परत उपोषणाला बसले. आपल्या गावागावातून लोक गेले. माझं मत साफ आहे, विहार बौद्धांच्या हाती द्या. पण फरकही सांगतो, आपण इथं उपोषणाला बसू शकतो, कोर्टात जाऊ शकतो, रेडिओवर बोलू शकतो. तिबेटात नुसता दलाई लामांचा फोटो घरात ठेवला तरी माणूस आत जातो.

२०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, बातमी आली. चीनच्या परराष्ट्र खात्यानं म्हणलं का तो मुलगा आता मोठा झाला, कॉलेज झालं, नोकरी करतो, त्याला अन् त्याच्या घरच्यांना कोणी त्रास देऊ नये. आजी तेव्हा खाटेवरच होती, कमी ऐकू यायचं, मी कानाजवळ जाऊन ओरडून वाचून दाखवलं. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, "नोकरी लागली? मंग फोटो काहून नाई दावत?"

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली.

मागच्या थंडीत मी गोठणगावला जाऊन आलो. ती तिबेटी बाईही आता नाही. फ्रेम तिथंच आहे, खाता नवीन, पोरगा अजून सहाच वर्षांचा. तो माणूस आता पस्तिशीच्या पुढं गेला असेल अन् जगाकडं त्याचा हाच एक लहानपणचा फोटो. काचेवर काजळी बसली होती, मी रुमालानं पुसली.

तुम्ही कधी धरणावर गेलात तं कॅम्पात जा. चपला बाहेर काढा, बाहेरची प्रार्थनेची चक्रं उजव्या हातानं फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. आत गेल्यावर दलाई लामांच्या बाजूची लहान फ्रेम बघा. दिवा लावायचा असेल तर तिथल्या भिक्खूला विचारा, ते काडेपेटी देतात.