हात राखून लढलेलं युद्ध

(पडद्यावर: जाफन्याजवळचा पलाली विमानतळ. ताडाची झाडं, मातीचा रस्ता.)

30 जुलै 1987. आदल्या दिवशी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी शांतता करारावर सह्या केल्या होत्या. आज इथे, श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, भारतीय जवान उतरू लागले. तमिळ लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातले. काम सरळ होतं. श्रीलंकेचं सैन्य आणि तमिळ बंडखोर यांच्या मध्ये उभं राहायचं, बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायची. फौजेचं नावच शांतिसेना.

दहा-अकरा आठवड्यांत हीच शांतिसेना लिट्टेशी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या ‘तमिळ वाघां’च्या बंडखोर संघटनेशी लढत होती. ऑक्टोबरमध्ये लिट्टेच्या हातून जाफना घेण्याची मोहीम, ऑपरेशन पवन, सुरू झाली आणि जाफन्याच्या दाट वस्तीत शिरायची वेळ आली. वरून आदेश होता: बळ कमीत कमी वापरा, सामान्य माणसाला जपा. म्हणून जड शस्त्रांच्या बाबतीत हात आखडता घेतला गेला. लढाऊ मि-25 हेलिकॉप्टरं आली ती ऑक्टोबर संपत आल्यावर. तोवर भार पायदळावर, म्हणजे रायफल घेऊन गल्लीत शिरणाऱ्या जवानावर होता.

तो आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्या लोकांना वाचवायला आलो, त्यांच्याच घरांवर तोफा कशा डागायच्या? पण आदेश पाळण्यासाठी जवानाच्या हातात काय दिलं होतं, हे बघायला हवं.

(पडद्यावर: एसएलआर रायफल, जवळून. बोट ट्रिगरच्या बाहेर.)

ही एसएलआर, तेव्हाच्या भारतीय जवानाची रायफल. लांब, वजनदार. ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मोकळ्या मैदानात, दूरच्या शत्रूवर नेम धरायला उत्तम. समोर लिट्टेच्या पोरांकडे एके-47. दहा पावलांवरच्या कुंपणाआडून ती पोरं अख्खी फैर झाडून माडांच्या बागेत दिसेनाशी होत. त्यांना गणवेश असेलच असं नाही. लुंगी नेसलेला, सायकलवरून येणारा तरुण शेतकरी आहे की वाघ, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

नाक्यावरचा जवान त्याला थांबायला सांगतो, हिंदीत. समोरच्याला हिंदी येत नाही, जवानाला तमिळ येत नाही. सायकल थांबत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं. गोळी झाडली आणि निरपराध माणूस मेला, तर ते ओझं जन्मभराचं. नाही झाडली आणि टोपलीत बॉम्ब निघाला, तर मागे उभे असलेले सोबती जातात. रस्त्याखाली सुरुंग पेरलेले, मोरीवरून जाताना ट्रक कधी उडेल याचा भरवसा नाही. आणि या बंडखोरांतल्या कित्येकांना काही वर्षांपूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळालेलं होतं. हे कळल्यावर त्या जवानाच्या मनात काय आलं असेल?

परत आलेले कितीतरी जवान एकच वाक्य बोलत राहिले: आमचे हात बांधून आम्हाला लढायला पाठवलं. त्या वाक्यातली कळ खरी आहे. तरीही जाफन्यात त्याच दिवसांत दुसरंही काही घडलं, आणि ते वगळून ही गोष्ट सांगता येणार नाही.

(पडद्यावर: जाफना रुग्णालयाचा व्हरांडा. निवेदन सावकाश.)

21 ऑक्टोबर 1987. या रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले. आतून गोळीबार झाल्याचं सैन्याच्या बाजूने सांगितलं गेलं. जे वाचले त्यांनी वेगळं सांगितलं. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण मिळून साठच्या वर माणसं गेली. कमीत कमी बळाचा आदेश तेव्हाही लागू होता. भाषा येत नाही, खबर मिळत नाही, रोज सोबती पडताहेत, अशा फौजेकडून संयम नुसता हुकमावर टिकेल असं ज्यांनी धरलं, ते त्या व्हरांड्यात नव्हते. याने गोळ्या झाडणाऱ्यांचा दोष तसूभरही कमी होत नाही.

संयम टिकला तेव्हा त्याचीही किंमत द्यावी लागली. दुरून तोफ डागायची नाही, म्हणजे गावात पायी जायचं, झडती घ्यायची आणि अंधारात त्याच वाटेने परतायचं. 25 नोव्हेंबरच्या रात्री 8 महार बटालियनची एक तुकडी अशीच झडतीवरून परतत होती. पुढे होते मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेजही मुंबईतच. बंडखोर दबा धरून बसले होते. मेजरांनी वळसा घालून त्यांना मागून गाठलं. हातघाई झाली. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं, आणि श्वास चालू होता तोवर हुकूम देत राहिले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

(पडद्यावर: कोलंबोतलं शांतिसेनेचं स्मारक. काळ्या दगडावर कोरलेली नावं.)

मार्च 1990 मध्ये शेवटचे जवान परतले. सुमारे बाराशे परतले नाहीत. त्यांची नावं इथे कोरलेली आहेत.

जाफन्याच्या रुग्णालयात दरवर्षी 21 ऑक्टोबरला गेलेल्या सहकाऱ्यांचे फोटो मांडतात, दिवे लावतात. 1987 मध्ये त्या दिवशी दिवाळी होती.