महागाई नक्की कुणाची? कांदा आणि नाशिकचं मतदान

महागाईवर मतदान होतं हे खरंय, पण महागाई कुणाची हे आधी बघायला पाहिजे.

1998 ची दिल्ली आठवा. कांदा किलोला 40 रुपयांच्या वर गेला, निवडणूक तोंडावर असताना भाजपने मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराजांना आणलं, तरी उपयोग झाला नाही, 70 पैकी 15 जागा आल्या आणि काँग्रेसला 52. तेव्हापासून केंद्रात कुणीही असो, कांद्याची धास्ती आहेच. भाव जरा चढला की निर्यात अडवायची.

आता तोच निर्णय लासलगावात, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या मोठ्या बाजारात उभं राहून बघा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, मग टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावात बाहेर पाठवायचाच नाही), आणि डिसेंबरात थेट बंदी. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा सीझन. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो, भाव पटला नाही तर थांबता येतं. लाल कांदा टिकतच नाही, काढला की ट्रॉली भरून मार्केटला न्यायचा आणि लिलावात जो भाव निघेल तो घ्यायचा. म्हणजे शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती नेमकी तेव्हा बंदी आली. शहरातली भाजी स्वस्त ठेवायचा खर्च त्याच्या खिशातून गेला, आणि मला तरी हा सरळ अन्याय वाटतो, कारण खत, मजुरी, डिझेल, पोरांची फी, ही महागाई त्यालाही आहेच की.

बंदी उठली 4 मे 2024 ला, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत लोकसभेचं मतदान 20 मे ला. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या, जिंकले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. नाशिक, धुळे, अहमदनगरही महायुतीच्या हातून गेलं. मराठा आरक्षण होतं, संविधानाचा मुद्दा होता, सगळं कांद्यावर ढकलता येणार नाही, पण कांद्याने फटका दिला हे खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंनी नंतर मान्य केलं.

आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला याच नाशिक जिल्ह्यात महायुतीला 15 पैकी 14 जागा! मधल्या काळात लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 रुपये खात्यात यायला लागले होते, सप्टेंबरात निर्यात शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आलं, किमान निर्यात मूल्य काढलं, आणि मतदानाच्या वेळी कांद्याला भावही बरा होता. उरलेलं 20 टक्के शुल्क मात्र गेलं ते 1 एप्रिल 2025 ला, तोवर त्या सीझनचा बहुतेक लाल कांदा विकून झाला होता.