पोर्ट लुईच्या कोर्टात

(दृश्य: पोर्ट लुई, सुप्रीम कोर्टाची इमारत)

मॉरिशसचं हे सुप्रीम कोर्ट. इमारत भारताच्या अनुदानातून बांधलेली. ३० जुलै २०२० रोजी तिचं उद्घाटन झालं, तेही करोनामुळे व्हिडिओवरून. इमारत कोरी करकरीत आहे, पण आतला कायदा दोनशे वर्षांहून जुना.

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि बहुधा क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत बोलतो. वकिलाच्या हातातली नागरी संहिता फ्रेंचमध्ये. निकाल इंग्रजीत.

ही सरमिसळ कुणी हौसेनं केलेली नाही. १८०८ मध्ये हे बेट फ्रेंचांकडे होतं, तेव्हा इथे नेपोलियनची नागरी संहिता लागू झाली. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८१० च्या अखेरीस, हिंदुस्थानातून निघालेल्या ब्रिटिश फौजा बेटावर उतरल्या. फ्रेंच हरले, पण शरण जाताना त्यांनी सौदा चांगला केला. बेटावरच्या लोकांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज शाबूत राहतील, हे इंग्रजांकडून लेखी घेतलं. राज्य गेलं, संहिता राहिली. पुढे कोर्टाची रीत, पुरावा आणि कारभार इंग्रजी वळणाचा होत गेला. घर, जमीन, लग्न आणि वारसा मात्र फ्रेंच वळणावरच.

(दृश्य: नोटरीचं कार्यालय, टेबलावर दस्तऐवज)

इथला नोटरी म्हणजे आपल्याकडचा शिक्के मारणारा नोटरी नव्हे. जमिनीचं खरेदीखत तोच तयार करतो. लग्न करताना जोडप्यानं वेगळं काही ठरवलं नाही, तर लग्नानंतर कमावलेलं दोघांचं मिळून धरलं जातं. आणि मृत्युपत्र कसंही लिहा, मुलांना सगळ्यातून बेदखल करता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी मिळकत त्याची राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश.

गोवेकरांना याचं नवल वाटणार नाही. त्यांच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत अजून चालते. तपशील वेगळे, घराणं एकच. १८३४ नंतर कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, पतवंडांच्या वाटण्या आज याच फ्रेंच कलमांनी होतात.

अपिलाचं शेवटचं दार मात्र लंडनला. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला, राणीचा संबंध संपला. तरी अंतिम अपील अजून प्रिव्ही कौन्सिल या तिथल्या न्यायपीठाकडेच जातं. २००८ मध्ये तिथले न्यायाधीश स्वतःच पोर्ट लुईला येऊन बसले होते. स्वाभिमानाला हे बोचतं, असं म्हणणारे आहेत. पण लहान देशात सगळे सगळ्यांना ओळखतात. अशा ठिकाणी लांबचा न्यायाधीश बरा वाटणं मला तरी समजू शकतं.

(दृश्य: संसद भवन)

संसदेतही असाच एक तोडगा आहे. ६२ जागा निवडून येतात. शिवाय जास्तीत जास्त ८ जागा हरलेल्यांतून भरल्या जातात. एखादा समाज कमी पडला, तर त्या समाजाचा, चांगली मतं मिळवून पडलेला उमेदवार आत घेतात. राज्यघटनेत समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि ज्यांची राहणी या तिघांत बसत नाही ते सगळे ‘सर्वसाधारण’. मराठी, तमीळ, तेलुगू यांचं वेगळं खातं नाही, तेही हिंदूंतच.

व्यवस्थेवर टीका भरपूर होते. पण २०२४ मध्ये एकाच आघाडीनं ६२ पैकी ६० जागा जिंकल्या, उरलेल्या दोन मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटाच्या. तेव्हा विरोधी पक्षनेताही याच मागच्या दारानं सभागृहात आला.

उमेदवारी अर्जावर आपला समाज लिहावा लागतो. तो न लिहिण्याची सूट २०१४ मध्ये मिळाली, तीही त्या एका निवडणुकीपुरती. जनगणनेत समाज विचारणं तर कधीच बंद झालं आहे. म्हणून कुठला समाज किती, याचा हिशेब आजही १९७२ च्या आकड्यांवर होतो.