उदबत्तीचा धूर आणि नळीची धार

श्रोतेहो, नमस्कार. वारा नसताना देवापुढच्या उदबत्तीकडे पाहिलंय? धूर आधी सरळ चढतो, वीतभर गेला की डळमळतो आणि वेटोळी घेत विरतो. आता अंगणात नळीने पाणी मारताना धार भिंतीवर सोडा. ती सुसाट जाते, भिंतीवर फुटते आणि पाणी उलटं आपल्याच अंगावर येतं.

काही दीर्घिकांच्या गाभ्यातून, महाकाय कृष्णविवराच्या जवळून, दोन्ही बाजूंना असेच झोत सुटतात. लाखो प्रकाशवर्षं लांब! त्यांच्यातही एक उदबत्तीवाला, एक नळीवाला.

ही वर्गवारी 1974 साली केंब्रिजच्या फॅनारॉफ आणि रायली यांनी केली. कसोटी अशी, की शाळकरी पोरानेही पट्टी घेऊन लावावी. रेडिओ दुर्बिणीच्या चित्रात दोन्ही बाजूंच्या सर्वांत तेजस्वी जागांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला एकूण लांबीने भागायचं. उत्तर अर्ध्याहून कमी आलं तर वर्ग पहिला, जास्त आलं तर दुसरा. एम 87 पहिल्या वर्गातली. टोकांकडे मंदावत जाणारी. हंस तारकासमूहातली सिग्नस ए दुसऱ्या वर्गातली. तिची टोकंच लखलखतात.

पट्टीने मोजलेल्या या भेदामागे ताकदीचा भेद निघाला. दुसऱ्या वर्गातल्या दीर्घिका रेडिओ लहरींत सहसा जास्त तेजस्वी. (पुढे मंद तेजाच्याही पुष्कळ सापडल्या, ती गोष्ट वेगळी.)

झोत थेट आपल्यावरच रोखलेला असेल, तर मात्र पट्टी फारशी कामाची नाही. अंधारात कुणी डोळ्यांवर बॅटरी मारली, तर त्याच्या हातातली काठी दिसते का? अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात. 1929 साली सरठ तारकासमूहात असाच एक ठिपका होफमायस्टर यांना सापडला. तेज कमीजास्त होतं म्हणून त्याला ताऱ्याचं नाव मिळालं, बीएल लॅसर्टी. 1968 साली तो रेडिओ स्रोत असल्याचं उमगलं आणि पुढे दीर्घिकेचा गाभा निघाला. नाव राहिलं ताऱ्याचंच!

आता सांगा, झोत उदबत्तीसारखा विरतो तो अंगात जोर कमी म्हणून, की वाटेतला वायू दाट म्हणून? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले गोपाल-कृष्ण यांनी 2000 साली एका सहकाऱ्यासोबत काही चमत्कारिक दीर्घिकांकडे लक्ष वेधलं. त्यांच्या एका बाजूला उदबत्ती, दुसऱ्या बाजूला नळी. कृष्णविवर मात्र दोन्हीकडे तेच.