दोन रात्री जमिनीवर, बोट बोयावर

(ड्रोनवरून: निळ्या पाण्यात पांढरी शिडाची बोट, पुढे तपकिरी पट्टा)

पाण्याचे रंग बघा. गडद निळं म्हणजे खोल. फिकट हिरवं म्हणजे दोन-तीन मीटरवर वाळू. आणि बोटीच्या डाव्या हाताला तो तपकिरी-पिवळट डाग दिसतोय ना, तो पाण्याखाली जेमतेम हातभर अंतरावरचा प्रवाळ. नकाशे आहेत, पण प्रत्येक खडक नकाशात नसतो. म्हणून इथे बोट डोळ्यांनी हाकायची, आणि त्यासाठी सूर्य पाठीशी हवा. फिजीच्या विती लेवू या मोठ्या बेटावरून पश्चिमेला मामानुथा बेटांकडे यायचं तर सकाळीच निघायचं. दुपारी तीननंतर ऊन समोरून येतं, पाणी नुसतं चकाकतं आणि खडक दिसेनासे होतात.

बोट 12 मीटरची, माणसं दोनच. तो सुकाणूवर, ती नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभी, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा.

समोर मालोलो लाईलाई, म्हणजे धाकटं मालोलो. थोरलं शेजारीच आहे. धाकट्याच्या कुशीत मस्केट कोव्ह: रिसॉर्ट, जेट्टी आणि वाऱ्याने एकाच दिशेला तोंड करून उभ्या बोटी. इथल्या यॉट क्लबचं आजीव सभासदत्व नाममात्र फीत मिळतं. अट एवढीच की परदेशी बंदरातून बोटीने फिजीत आलेलं असावं.

(नाळेवरून: हातात आकड्याची काठी, पाण्यात बोया)

आता दोन मार्ग. नांगर टाकायचा, नाहीतर बोया घ्यायचा, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला बोट बांधायची. या दोघांनी बोया घेतला. बरं केलं.

आधी बाकीच्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते बघायचं आणि त्याच दिशेने, वाऱ्याच्या तोंडावर, सावकाश यायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ती हाताने खुणा करते. बोया नाळेखाली गेला की सुकाणूवरून तो दिसतच नाही. तिथून पुढे बोट खरं तर तीच चालवत असते. बोया हाताशी येईपर्यंत वेग शून्यावर आलेला हवा. नाहीतर काठी हातातून जाते, किंवा बोयाचा दोर इंजिनाच्या पंख्यात जातो.

दोर कसा बांधलाय ते जवळून बघा. उजव्या क्लीटवरून, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीवरून निघालेला दोर बोयाच्या कडीतून जाऊन परत उजव्याच क्लीटवर आलाय. डाव्या बाजूला दुसरा दोर, तसाच. पुष्कळ जण एकच लांब दोर उजवीकडून कडीत आणि कडीतून डावीकडे नेतात. दिसायला सुटसुटीत, पण बोट डोलली की तो कडीतून करवतीसारखा मागेपुढे सरकतो. जोराच्या वाऱ्यात एका रात्रीत तुटू शकतो. दोर बोटीच्या काठावर घासतो तिथे जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवलाय. बाजारात यासाठी महागडी चामडी वेष्टनं मिळतात. नळी तेच काम करते.

(पाण्याखालून)

आणि हे, जे बहुतेक जण करत नाहीत. पाणबुडी चष्मा लावून तो बोयाखाली उतरलाय. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधलेली आहे ना? तार नसेल तर पिन हळूहळू आपोआप फिरून बाहेर येते. साखळी वरून शाबूत दिसली तरी जिथे ती तळावर उठते-बसते तिथले दुवे सगळ्यात आधी झिजतात. बोटांनी चाचपायचे ते तिथले. तळाला काँक्रीटचा ठोकळा. हवेत दोन टनांचा ठोकळा पाण्याखाली सव्वा टनाहूनही हलका भरतो, म्हणून नुसतं 'भक्कम दिसतो' यावर भागत नाही.

एवढी खटपट कशासाठी? 15 मीटर पाण्यात नांगर टाकला तर निदान 60 मीटर साखळी सोडावी लागते, आणि बोट फिरेल तशी ती तळ झाडत जाते. वर्षाला सेंटीमीटरभर वाढणारा प्रवाळ एका रात्रीत मोडतो.

(बोटीच्या आत: फरशीची फळी उचललेली)

बोट दोन रात्री एकटी राहणार. पाणी आत घेणारे सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळाचे व्हॉल्व्ह, बंद. कॉकपिटमधलं, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या खळग्यातलं, पाणी बाहेर सोडणारे मात्र उघडेच. ते बंद करून गेलात तर एका सरीने कॉकपिटचा हौद होतो. बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीतल्या, पंपाचा तरंगता खटका हाताने उचलून बघायचा: पंप घुरघुरला पाहिजे. केस आणि तेलकट मळ अडकून हा खटका दगा देतो. गॅस सिलिंडरवरच बंद.

फ्रीज? चालू असताना पाचेक अँपिअर खेचतो, दिवसाला साधारण 60 अँपिअर-तास. 200 वॉटचं सौर पॅनल स्वच्छ उन्हात जेमतेम तेवढंच परत देतं. ढग आले की तोटा. म्हणून फ्रीज रिकामा करून बंद केला. मांस बरोबर घेतलं. जेट्टीच्या टोकाच्या चिमुकल्या बेटावर बार आहे, तिथे शेगडी त्यांची आणि मांस आपलं.

(डिंगी, म्हणजे छोटी होडी, किनाऱ्याकडे, पिशव्यांचा ढीग)

त्या पिशव्यांत सगळे कपडे आहेत. समुद्राच्या पाण्यात धुतलेला कपडा कधीच पुरता वाळत नाही, कारण त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. गोड्या पाण्यात दोनदा खळबळला तरच उपयोग. आणि छोट्या बेटावर गोडं पाणी मोजूनमापून असतं, तेव्हा विचारून घ्यायचं. परतताना पुठ्ठ्याची खोकी बोटीवर न्यायची नाहीत. घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात.

रिसॉर्टची खोली आतून दाखवण्यासारखी नाही. पलंग, पंखा, शॉवर. शॉवर मात्र बराच वेळ चालू होता. ती चालताना किंचित झोकांड्या खातेय ते बघा. महिनोन्‌महिने डोलणाऱ्या फळ्यांवर काढले की जमीनच हलल्यासारखी वाटते.

(रात्र: व्हरांडा, पाण्यावर दिव्यांचे ठिपके)

दिवसा खारे वारे, रात्री मतलई, शाळेत शिकलेलं. विती लेवूच्या आडोशाला असलेल्या या बाजूला ते नेमकं तसंच होतं. रात्री दोनच्या सुमारास वारा फिरला आणि सगळ्या बोटींनी तोंडं वळवली. बोयाभोवती फिरलेली 12 मीटरची बोट किनाऱ्यावरून वीसेक मीटर सरकलेली दिसते. बोटीचा दिवा जागचा हलला म्हणजे बोट सुटली असं नव्हे. दोघांनी संध्याकाळीच व्हरांड्याचा खांब आणि बोया एका रेषेत धरून ठेवला होता. खांबाच्या थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, इतपत ठीक. दिवा एकाच बाजूला सरकतच राहिला तर डिंगीकडे धावायचं.

(ती खांबाला टेकून उभी. तो मागून येतो. दहा सेकंद, निवेदन नाही.)

तिसऱ्या दिवशी सकाळी दोर सोडताना ती रबरी नळी कॅमेऱ्यासमोर धरते. एका बाजूला बोटभर लांब खाच पडलीय. आतला दोर शाबूत. नळी टाकलेली नाही. पुढच्या वेळी दुसरी बाजू.